डोह कोणाचा?

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

माझे गाव पांढुर्णा. या महाविद्यालयात आल्यावर कोणी गाव विचारले की मी नाव सांगतो आणि समोरचा म्हणतो, "म्हणजे ते दगड मारतात तेच ना?" तेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. तिसऱ्या दिवशी आमच्या गावाचे नाव सगळ्या वर्तमानपत्रांत येते. जखमी किती, गंभीर किती, पोलीस बंदोबस्त किती, हे सारे छापून येते. उरलेल्या वर्षभरात आमच्याकडे संत्र्याचे भाव पडतात, विहिरी आटतात, मध्य प्रदेशातल्या मराठी शाळांची पटसंख्या घटते. पण त्या गोष्टींना दगडाइतके वजन नसते.

हे रडगाणे गाण्यासाठी सांगत नाही. आपल्याविषयी दुसऱ्याने लिहिलेले वाचताना कसे वाटते, याचा अनुभव गाठीशी आहे, एवढेच सांगायचे आहे. आणि तरीही मी स्वतः दुसऱ्यांविषयी अगदी तसेच वाचत आलो, ही खरी कबुली.

शाळेत असताना सुट्टीत मी सौंसरला मामाकडे जात असे. नागपूरहून येणारे मराठी वर्तमानपत्र मामाला मोठ्याने वाचून दाखवणे हे माझे काम. एकदा बातमी होती तोतलाडोह जलाशयातल्या अवैध मासेमारीची. जाळी जप्त, डोंगे जप्त, इतके पकडले, इतके पळाले. मी ठसक्यात वाचले आणि वर शेरा मारला, "चोरच ते!" मामा सुपारी कातरत होता. तो म्हणाला, "काहून रे, धरण बांधाच्या आंधी तो डोह कोनाचा होता, हे नाही लिवलं का पेपरात?"

नव्हते लिहिले. नंतरही अशा अनेक बातम्या वाचल्या, त्यांतही क्वचितच दिसले. म्हणून ती हकीगत इथे थोडक्यात देतो.

पेंच नदी आमच्या छिंदवाडा भागातली. (पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला.) ही नदी सातपुड्यातून दक्षिणेला उतरून नागपूर जिल्ह्यात कन्हानला मिळते. दोन राज्यांच्या सीमेवर तोतलाडोहला तिच्यावर धरण झाले. नावात डोह आहे, धरण नाही, हे ध्यानात घ्यावे. मध्य प्रदेशाच्या बाजूने १९८३ साली राष्ट्रीय उद्यानाची प्राथमिक अधिसूचना निघाली, १९९२ साली व्याघ्र प्रकल्प आला. जंगलातली आदिवासी कुटुंबे बाहेर पडली आणि जमीन, जंगल, नदी तिन्ही हातचे गेले. १९९६ साली मध्य प्रदेशच्या मुख्य वन्यजीव संरक्षकांनी पूर्वी उद्यानाच्या हद्दीत राहणाऱ्या आदिवासींना जलाशयात मासेमारीचे ३०५ परवाने दिले. वकिलांच्या एका पर्यावरणवादी संस्थेने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मार्च १९९७ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. वाघ आणि जंगल जपलेच पाहिजे, पण ज्यांची उपजीविका गेली त्यांच्या पोटाचाही विचार झाला पाहिजे, असा त्याचा आशय होता. अटी मात्र कडक घातल्या: फोटोचे ओळखपत्र, ठरलेली वाट, जंगलात चूल पेटवायची नाही, पकडलेल्या माशांची नोंद ठेवायची.

आता गंमत पाहा. न्यायालयाच्या निकालात दोन पक्ष आहेत आणि दोघांचीही बाजू आहे. बातमीत मात्र एकच पक्ष बोलतो. माहिती देतो तो वनाधिकारी, छायाचित्र असते जप्त केलेल्या जाळ्याचे. 'तस्कर', 'घुसखोर' हे शब्द आरोप सिद्ध होण्याआधीच चिकटतात. जाळे टाकणारा परवानाधारकांच्या कुळातला, की पोटासाठी आलेला आणखी कोणी, की नागपूरच्या व्यापाऱ्याने पैसे देऊन पाठवलेला मजूर, हा फरक बातमीत राहत नाही. आणि तो व्यापारी तर बातमीत कधी सापडतच नाही!

असे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात ओजिब्वे लोकांनी १८३७ आणि १८४२ च्या तहांत जमीन सोडली, पण तिथे शिकारीचा व मासेमारीचा हक्क राखून ठेवला. १९८३ साली तिथल्या न्यायालयाने तो मान्य केला. वसंतात रात्री दिव्याच्या उजेडात भाल्याने मासे मारायला ते तळ्यावर गेले, तेव्हा गोऱ्यांचे जमाव काठावर येऊन शिवीगाळ करू लागले. मोठ्या वर्तमानपत्रांना दंगा आणि माशांचा आकडा यांत रस होता. तेव्हा तिथल्या जमातींच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाने 'मसिनायगन' नावाचे स्वतःचे पत्र चालवले. त्यात तह काय होते, मासा किती पकडला, तळ्यात किती उरला, हे छापून येई. एकीकडे 'काल काय घडले' आणि दुसरीकडे 'हे का घडते'.

आमच्या गोंडांचे असे काय आहे? गोंडी बोलणारे लाखो, पण गोंडी दैनिक माझ्या पाहण्यात नाही. सुन्हेर सिंह ताराम यांनी 'गोंडवाना दर्शन' हे हिंदी मासिक अनेक वर्षे चिकाटीने चालवले. २०१० साली छत्तीसगडमध्ये 'सीजीनेट स्वरा' सुरू झाले. तिथे गावकरी फोनवरून आपल्या बोलीत बातमी सांगू शकतो. तवा धरणाच्या विस्थापित गोंड-कोरकूंनी १९९६ ते २००६ अशी दहा वर्षे स्वतःच्या सहकारी संघामार्फत जलाशयातली मासेमारी चालवली आणि उत्पादन वाढवून दाखवले. त्यांच्यासोबत उभे राहिलेले केसल्याचे सुनील हे 'सामयिक वार्ता' या हिंदी मासिकाचे पुढे संपादक झाले. पुढे व्याघ्र प्रकल्पाचे कारण देऊन संघाचा पट्टा वाढवला गेला नाही. आणि त्याच २००६ सालच्या वनहक्क कायद्यात मासे व पाण्यातील इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क लिहिला आहे!

कोणी म्हणेल, आदिवासींचे पत्र तरी निःपक्षपाती असते का? नसते. वनरक्षक रात्री जीव धोक्यात घालून गस्त घालतो, हे ते सहसा लिहिणार नाही. आपल्यातलाच एखादा व्यापाऱ्याला सामील आहे, हेही झाकेल. वाघाला मत नाही, पत्रही नाही; त्याची बाजू कोणीतरी मांडलीच पाहिजे. मला हे सर्व मान्य आहे.

पण आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो की प्रत्येक व्यवहाराला दोन अंगे असतात. नावे लिहिले आणि जमा लिहिलेच नाही, तर तेरीज जुळत नाही. मोठ्या वर्तमानपत्रांनी धरणाचा हिशेब असाच एकेरी ठेवला. वीज जमा झाली, पाणी जमा झाले, पर्यटक जमा झाले. हे कोणाच्या नावे पडले, ते पान कोरे राहिले. ते कोरे पान भरणारे पत्र पक्षपाती असले तरी त्याच्यावाचून ताळा जुळणार नाही. लेखापरीक्षकही दोन्ही बाजूंची कागदपत्रे मागतो. एकाच बाजूच्या शब्दावर सही करीत नाही.

आपल्या या अंकाची मराठी पाने संपली की कन्नड पाने सुरू होतात. सीमाप्रश्नावरची एकच घटना मराठी आणि कन्नड वर्तमानपत्रांत किती निराळी दिसते, हे इथल्या मित्रांना मी सांगायला नको. ज्यांना दोन्ही वाचता येतात ते सहसा लवकर भडकत नाहीत, हे मी वसतिगृहात पाहिले आहे. दोन भाषा येणे म्हणजे दोन साक्षीदार ऐकता येणे. तोतलाडोहच्या बाबतीत तो दुसरा साक्षीदार गोंडीत बोलतो आणि ती भाषा मला येत नाही. घरापासून काही कोसांवर बोलली जाणारी भाषा मी वीस वर्षांत शिकलो नाही, ही चूक वर्तमानपत्राची नव्हे, माझी.

मामा अजून सौंसरलाच आहे. या दिवाळीत गेलो की वर्तमानपत्र पुन्हा मीच वाचीन. शेरा मात्र मारणार नाही, आधी विचारीन.