कात्रणांची वही

मैत्रिणींनो, तुमच्याकडे वर्तमानपत्राची रद्दी किती दिवसांनी घालतात? आमच्याकडे दोन महिन्यांनी घालतो, आणि हल्ली रद्दीवाला कुरकुर करतो. म्हणतो, "वहिनी, पेपरला खिडक्या पाडल्यात सगळ्या." खरंच आहे ते. थोरल्या दिरांची मुलगी कॉलेजसाठी आमच्याकडे साताऱ्याला राहते, ती रोज काही ना काही कापत असते. दोनशे पानी वही केली आहे तिने. एका बाजूला कात्रण, समोरच्या पानावर त्यावर स्वतःच्या चार ओळी. वहीवर स्वतःच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव असं मध्ये आलंच पाहिजे, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने केला, तेव्हाचं ते कात्रण पहिल्याच पानावर आहे. आता ही काही २०२४ नंतरची नाही, एकोणीस वर्षांची घोडी आहे. पण म्हणाली, "काकू, मला कुणी अडवलंय का?"

सांगायचं कारण असं, की कॉलेजला जाणारी मुलगी घरात असली म्हणजे आपण तिचे कपडे, येण्याजाण्याच्या वेळा आणि फोन एवढ्यावरच लक्ष ठेवतो. ती बातम्या वाचून काय विचार करते, हे कोण विचारतं? शाळेत माझ्या नववीच्या मुलींना बातम्या विचारल्या तर अर्ध्या जणी क्रिकेटचा स्कोअर सांगतात. ही मात्र पोळ्या लाटताना समोर बसून मोठ्याने वाचते, आणि वाद घालते. कधी कधी तव्यावरची पोळी करपते. चालायचंच.

वहीतलं एक पान तिने मला मुद्दाम दाखवलं. मुलींच्या लग्नाचं वय १८ वरून २१ करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं, तुम्हाला आठवत असेल. तेव्हा ही शाळेत होती. ते विधेयक स्थायी समितीकडे गेलं आणि तिथेच राहिलं. २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली, तसं तेही संपलं. म्हणजे मुलीचं वय आज १८ च आहे, मुलाचं २१. समोरच्या पानावर हिने लिहिलंय: "विधेयक गेलं. म्हणजे आता माझ्या वतीने 'अजून नको' म्हणणारं कुणी नाही. मलाच म्हणावं लागणार."

आणि खाली वेगळ्या शाईत: "मत द्यायला अठरा चालतात, तर लग्नाला का चालू नयेत, हे म्हणणं पटतं. पण मग नाही म्हणायलाही अठरा चालले पाहिजेत."

हे वाचलं आणि मी गॅस बंद करून खाली बसले. कारण, बरं का, हिला स्थळ आलंय. मुलगा पुण्यात नोकरीला, स्वतःचा फ्लॅट, घरचं पाण्याखालचं शेत, माणसं ओळखीतली. हिचं बी.ए.चं दुसरं वर्ष चालू आहे. मुलाकडचे म्हणतात, साखरपुडा आता उरकू, लग्न उन्हाळ्यात, पुढचं शिक्षण आमच्याकडून करू दे. भावजींचा जीव अर्धा तिकडे झुकलाय. जाऊबाई काही बोलत नाहीत. त्यांना स्वतःला लग्नात हेच वाक्य ऐकवलं होतं, आणि त्यांची एफ.वाय.ची पुस्तकं अजून गावाकडच्या माळ्यावर ट्रंकेत आहेत. वाळवी लागू नये म्हणून दर दिवाळीत त्या ती ट्रंक उघडून कडुनिंबाचा पाला बदलतात. परीक्षा मात्र द्यायची राहिली ती राहिलीच.

सासूबाईंचं तर आणखीच वेगळं. त्यांचं लग्न १९७१ चं, वय सोळा. तेव्हा कायद्याने मुलीला पंधरा पुरे होते. अठरा झाले ते १९७८ च्या दुरुस्तीने. आणि मत द्यायला तेव्हा एकवीस लागायचे, ते अठरावर आले १९८९ मध्ये. तर सासूबाईंनी पहिलं मत दिलं मार्च १९७७ च्या निवडणुकीत, एक मूल कडेवर आणि एक हाताशी धरून. पुतणीने हा हिशेब वहीत मांडलाय. "आजी संसार चालवायला सोळाव्या वर्षी शहाणी होती, खासदार निवडायला एकविसाव्या वर्षी." सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "मला विचारलंच कुणी नव्हतं गं, दोन्हीचं."

पुतणीचं आवडतं पान मात्र रखमाबाईंचं आहे. ती बातमी सव्वाशे वर्षांहून जुनी, पण हिने ग्रंथालयातून शोधून लिहून काढलीय. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुंबईची मुलगी. ती आईच्या घरीच वाढली, वाचायला शिकली, आणि मोठी झाल्यावर नांदायला जायचं नाही म्हणाली. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये तिने टाइम्स ऑफ इंडियात 'एक हिंदू स्त्री' एवढ्याच सहीने बालविवाहावर पत्रं लिहिली. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंग बरा. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, आणि बाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या, सुरतेला वर्षानुवर्षं बायकांचा दवाखाना सांभाळला. हे सगळं ऐकवून पुतणी मला म्हणते, "काकू, मला तर फक्त पंधरा महिने हवेत, टी.वाय.ची परीक्षा होईपर्यंत. मी काही लग्न करणारच नाही म्हणत नाही. मुलगाही वाईट दिसत नाही."

तुम्ही म्हणाल, काकूने यात पडावं का? मी पडले नाही. दोन्हीकडून शब्द येतो. भावजींना फोनवर मी एवढंच म्हटलं की बोलणी करायची ती तिला समोर बसवून करा. चहा घेऊन येण्यापुरतं नको, खुर्ची देऊन. तिचं म्हणणं तिलाच मांडू दे. त्या लोकांना थांबायचं नसेल तर तेही तिच्या देखत कळू दे. हे मात्र माझं ठाम मत आहे, आणि ज्यांच्या घरी अशी मुलगी आहे त्यांना मी तेच सांगेन. नंतर शिकता येतं, नाही असं नाही. पण 'नंतर' म्हणजे कोणत्या महिन्यात, फी कोण भरणार, परीक्षेच्या वेळी माहेरी राहू देणार की नाही, हे साखरपुड्याआधी बोलायचे प्रश्न आहेत. नंतर विचारायला गेलं की सून भांडखोर ठरते.

जाता जाता कामाचंही सांगते. मुलीला अठरा पूर्ण झाले की काही कागद तिच्या हातून करून घ्या. लहानपणी तुमच्या सहीने उघडलेलं बँकेतलं खातं असेल तर आता तिच्या सहीचं, तिच्या कागदपत्रांचं करावं लागतं. पासबुक तिच्याकडेच द्या. मतदार यादीत नाव घालायचा तो नमुना ६. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण लागत, नाहीतर वर्षभर थांबा. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार महिन्यांच्या एक तारखा धरतात. सतरा पूर्ण झाले की अर्ज आधीच देऊनही ठेवता येतो. शिकायला परगावी राहणाऱ्यांनी नाव घरच्या पत्त्यावर घालायचं की राहत्या, ते आधी ठरवावं. दोन्हीकडे चालत नाही.

आमच्याकडे हाच घोळ चाललाय. पुतणीला नाव गावच्या यादीत हवंय. म्हणते, ग्रामपंचायतीचं मत तिथेच देता येईल, इथे मला कोण ओळखतं? सगळे कागद गावाकडे आहेत. रविवारी भावजी आणि जाऊबाई यायचेत, मुलाकडचेही दुपारी येणार आहेत. मी जाऊबाईंना निरोप दिलाय, येताना तिचा जन्मदाखला आणि राहत्या घराच्या पत्त्याचा कागद घेऊन या. त्या म्हणाल्या, आणते. आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन करून विचारलं, "खुर्च्या पुरतील ना गं तुझ्याकडे?"