पॅकेज कुटुंबाचे, डाइव्ह एकेकाची

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. पावसाळाभर बंद असलेले मालवण-तारकर्लीचे पाणी पुन्हा खुले झाले आहे आणि हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या, नोंदवह्या भरू लागल्या आहेत. सुट्टीत आपल्या डाइव्ह-दुकानांत येतात ती बहुतेक कुटुंबे. फोनवरचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: ‘आम्ही चौघे आहोत, एकदमच नेणार ना?’ आपण ‘हो’ म्हणतो, कारण दरपत्रकावर ‘फॅमिली पॅकेज’ आपणच छापलेले असते. हे ‘हो’ किती सहज तोंडातून जाते, याचा विचार हंगामाच्या सुरुवातीलाच झालेला बरा. किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरणाऱ्या डाइव्हच्या बाबतीत तर तो व्हायलाच हवा.

त्यासाठी थोडे लांबचे उदाहरण घेऊ. तोक्योच्या एदोगावा प्रभागात फुनाबोरी नावाची वस्ती आहे. भुयारी रेल्वेचे स्टेशन, ११५ मीटर उंच मनोऱ्याचे सभागृह आणि बाकी दाट घरे. पर्यटकांनी मुद्दाम जावे असे तिथे फारसे काही नाही. पण २००० च्या सुमारास संगणक क्षेत्रातले भारतीय या प्रभागात, विशेषतः शेजारच्या निशी-कासाईत, स्थिरावू लागले आणि त्यात मराठी घरेही आली. मराठी असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले, इतकी ही मंडळी तिथे रुजली आहेत. एप्रिल-मेच्या सांध्यावर ‘गोल्डन वीक’ची सुट्टी लागली की यांतली काही कुटुंबे हानेदाहून तीनएक तासांचे विमान पकडून ओकिनावाला जातात. नाहा शहरातून मोटारीने तासाभरात ओन्ना गावचे माएदा टोक येते. तिथे बोट लागत नाही. गाइडच्या मागोमाग कड्यावरचा लांबलचक जिना उतरायचा की थेट पाणी.

या कुटुंबात कोण कोण असते? चाळिशीचे आई-वडील, जपानी शाळेत जाणारी दहा-बारा वर्षांची मुलगी आणि पुण्याहून किंवा साताऱ्याहून महिनाभरासाठी आलेले आजी-आजोबा. सवयीने आपली नजर मुलीवर जाते. ती लहान, म्हणून तिला जपायचे. वडील धडधाकट, म्हणून त्यांची चिंता नाही. प्रत्यक्षात चित्र नेमके उलटे असू शकते. जपानमध्ये ११ मे १९५५ रोजी शिउन मारू ही फेरीबोट बुडाली. १६८ जण गेले, त्यांत सहलीला निघालेली शंभर शाळकरी मुले होती. त्या धक्क्यानंतर शाळाशाळांत तलाव बांधले गेले आणि पोहणे शारीरिक शिक्षणाचा भाग झाले. पुष्कळ शाळांत अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात तरंगून राहण्याचाही सराव करून घेतात. त्यामुळे मुलगी पाण्याला सरावलेली आहे. वडिलांच्या पिढीत मात्र गावच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून कोणी ढकलले असेल तरच पोहणे आले, आणि शहरात वाढलेल्यांना तेही मिळाले नाही. या कुटुंबात सर्वांत कच्चा दुवा वडील असू शकतात, आणि चारचौघांत ते तसे कबूल करणार नाहीत.

पोहता येणे म्हणजे सगळे आले, असेही नाही. पोहणाऱ्या मुलीलाही कान मोकळे करता येतीलच असे नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि हवेचे आकारमान निम्मे. म्हणजे सर्वांत मोठा बदल याच पहिल्या दहा मीटरांत होतो, आणि नवख्याला आपण नेतो ते नेमके तिथेच. कान दुखला तर मोठा माणूस खूण करतो. मूल बाबांसमोर रडायला नको म्हणून सोसत राहते. वडील घाबरले तर श्वास रोखून वर झेपावतात, आणि दोनेक मीटरवरून तसे वर येणेही फुप्फुसाला इजा करू शकते. दोघांचे धोके वेगळे, म्हणून दोघांवर ठेवायची नजरही वेगळी हवी. चौघांना एका ओळीत घेऊन पोहणाऱ्या एकाच गाइडला ते जमणार नाही, मग तो कितीही तयारीचा असो.

पाडी या डाइव्ह-प्रशिक्षण संस्थेच्या नियमांनुसार आठ वर्षांच्या मुलाला ‘बबलमेकर’मध्ये दोन मीटरपर्यंतच नेता येते. खुल्या समुद्रातल्या ओळख-डाइव्हसाठी किमान वय दहा आणि खोली जास्तीत जास्त १२ मीटर. हे आकडे आपल्याला पाठ आहेत. पण ते वरची मर्यादा सांगतात. त्या दिवशी त्या माणसाला किती खोल न्यायचे, ते गाइडलाच ठरवावे लागते.

किनाऱ्यावरच्या डाइव्हचा अवघड भाग बहुधा पाण्याखाली नसतोच. सिलिंडर, वजनाचा पट्टा आणि बाकी साज मिळून वीस किलोंच्या आसपास ओझे होते. ते पाठीवर घेऊन पायऱ्या, निसरडे खडक, गुडघाभर लाटा पार करायच्या आणि थकल्यावर तेच सगळे उलट्या क्रमाने. बोटीवर निदान शिडीपाशी हात द्यायला माणूस असतो. ओकिनावाच्या बेटांभोवती प्रवाळाचा कठडा आहे. आतले उथळ पाणी ओहोटीला त्या कठड्याच्या फटींतून जोराने बाहेर धावते. स्थानिक गाइडला या फटी घरच्या दारांसारख्या ठाऊक असतात, पाहुण्याला तेच पाणी सर्वांत शांत दिसते. माएदा टोकावर समुद्राची स्थिती पाहून झेंडे लागतात, आणि लाल झेंडा असला की उतरणे बंद. गाइडची, दुकानाची किंवा पाहुण्याची मर्जी तिथे चालत नाही. ओकिनावा प्रांताने पाण्यातले अपघात टाळण्यासाठी १९९३ मध्येच स्वतंत्र नियमावली केली.

ये-जा करतानाच घात होतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. त्यांची डाइव्ह तोवर संपलेली होती. किनाऱ्यावरून नेताना बोट नसते, पण परतीचा टप्पा असतोच. पाहुणा कोरड्या वाळूवर उभा राहून साज उतरवेपर्यंत डाइव्ह संपली असे मानू नये.

ब्रीफिंगचा मुद्दाही यातूनच येतो. ओकिनावातल्या गाइडला मराठी येत नाही आणि आजोबांना जपानी. मधला दुभाषी बहुतेक वेळा तीच दहा-बारा वर्षांची मुलगी. ‘श्वास कधीही रोखू नका’ ही सूचना लहान मुलाच्या तोंडून आजोबांपर्यंत पोहोचली, यावर विसंबून त्यांना पाण्यात उतरवता येत नाही. आपल्याकडेही मालवणी गाइड, हिंदी ब्रीफिंग आणि गुजराती किंवा कन्नड कुटुंब अशी गाठ रोज पडते. उपाय साधा आहे. खुणा प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे करवून घ्या. ‘कळले का?’ विचारू नका, ‘कान दुखला तर काय कराल, दाखवा’ असे सांगा.

मागे किनाऱ्यावर राहिलेल्यांची मोजदाद कोण करतो? आजीला डाइव्ह करायची नसते, धाकटे भावंड असले तर त्याचे वय बसत नाही. सगळ्यांचे लक्ष पाण्यात आणि धाकटा वाळूवरून हळूहळू पुढे. ओकिनावात उन्हाळ्यात हाबू-कुरागे ही विषारी जेलीफिश किनाऱ्यालगत येते, म्हणून तिथे व्हिनेगर हाताशी ठेवतात. आपल्याकडचे धोके वेगळे असतील, पण किनाऱ्यावर एक जाणता माणूस, हाताशी ऑक्सिजन आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक लावता येईल असा फोन, एवढे तरी असलेच पाहिजे.

यावर व्यवसायातले आक्षेप खरे आहेत. दोन गाइड म्हणजे दुप्पट मजुरी, आणि कुटुंबाला एकत्र फोटो हवा असतो. फोटो कमरेएवढ्या पाण्यात, पूर्ण साजात काढा. तो नितळही येतो आणि सगळे त्यात असतात. पुढे मात्र दोघा-दोघांनी किंवा एकेकट्याने. मजुरीचा प्रश्न दरातच सोडवावा लागेल. एका गाइडमागे चौघे घेऊन दर पाडणारा शेजारी आज गिऱ्हाईक नेतो, पण एका अपघाताने अख्ख्या किनाऱ्याचा हंगाम बसतो.

या हंगामासाठी आमच्या मागण्या मोजक्या आहेत. आरोग्याचा फॉर्म पैसे घेण्याआधी पाठवा, कारण बसमधून उतरल्यावर दम्याचा रकाना कोणी खरा भरत नाही. डाइव्ह सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांत ठेवा. एका साध्या डाइव्हनंतर विमानापूर्वी किमान बारा तास आणि एकाहून अधिक डाइव्ह झाल्यास अठरा तास जायला हवेत, आणि शेवटच्या दिवशीचे पॅकेज हे गणित हमखास बिघडवते. कुटुंबातल्या प्रत्येकाच्या नावापुढे त्याची खोली आणि त्याचा गाइड लिहा. आणि दरपत्रकावर ठळक छापा: गाइड ‘आज नाही’ म्हणाला तर पूर्ण पैसे परत. ही ओळ असली की दाराशी उभ्या सहा जणांसमोर गाइडला मालकाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही आणि वडिलांनाही आपली भीती कबूल करायला वाट मिळते. ज्या दुकानाला ही ओळ परवडत नाही, त्याने ‘फॅमिली पॅकेज’ विकणे थांबवावे.