चारचौघांत न निघणारा विषय

निंबाचा पाला तोडताना फांदी मोडते, विहिरीच्या कामावर दोर सुटतो, धुळे-जळगाव रस्त्यावर मोटारसायकल घसरते आणि मणका मोडतो. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘चालणार कधी?’ पडलेल्या माणसाला मात्र घोर असतो तो शौचाचा.

मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली की आतड्याची हालचाल मंदावते. जाणीव आणि ताबा, दोन्ही कमी होतात किंवा जातात. यावर इलाज आहे, पण तो शिस्तीचा. वेळ ठरलेली हवी, रोज किंवा दिवसाआड. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपसूक हलतं, म्हणून जेवणानंतर अर्ध्या तासात बसावं. इजा वरची असेल तर सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) आणि हातमोजा घालून, वंगण लावलेल्या बोटाने हलकं उत्तेजन. अगदी खालची असेल तर बहुधा मळ बोटानेच काढावा लागतो. हे नर्सकडून शिकून घ्यावं. कमोडखुर्चीची बैठक मऊ हवी, नाहीतर न कळत जखम होते. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल तर नुसत्या मळ साचण्यानेही रक्तदाब एकाएकी भडकतो. डोकं ठणकलं, घाम फुटला, तर तातडीने डॉक्टर गाठावा.

दिव्यांग हक्क कायदा 2016 साली झाला. तरी तालुक्याच्या बसस्थानकावर व्हीलचेअर आत जाईल असं शौचालय शोधावंच लागतं. आमचं म्हणणं साधं आहे: जळगाव असो वा धुळे, घरच्या एका माणसाला शौचाचं हे सगळं काम हाताने करून दाखवल्याशिवाय रुग्णालयाने अशा रुग्णाला घरी सोडू नये.