धान्य विकत आणू म्हणणाऱ्यांना

अन्नधान्याची स्वयंपूर्णता हे जुनं खूळ आहे, असं एक अभ्यासू गृहस्थ हल्ली जागोजागी सांगतात. भातखाचरातून मिथेन निघतो, म्हणून पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्याने भात सोडावा, पूर्वेच्या बागायतीने टोमॅटो, द्राक्षं, ऊस यांतून पैसा करावा आणि धान्य स्वस्त मिळेल तिथून आणावं.

मिथेन निघतो, हे खरं. पण डोंगरातल्या आहुपे गावच्या उतारावरचं पावसाच्या भरवशावरचं एकपिकी खाचर आणि पंजाबातलं बोअरच्या पाण्याने तुंबवलेलं शेत एकाच मापाने मोजणं हा अभ्यास नव्हे.

धान्य आणायचं कुठून? २०२२च्या मार्चमध्ये उन्हाच्या लाटेने उत्तरेतला गहू दाणा भरतानाच करपला आणि १३ मे रोजी आपल्याच सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. पुढच्या वर्षी २० जुलैला बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची. जगाच्या तांदूळव्यापारात सुमारे ४० टक्के वाटा असलेल्या देशाने दार लावलं, आणि आफ्रिकेतली गिऱ्हाइकं बाहेर राहिली. सरकारचं चुकलं असं मी म्हणत नाही. आधी घरचं ताट. पण मग आपल्यावर वेळ येईल तेव्हा दुसरा देश दार उघडं ठेवील, हे कशाच्या जोरावर सांगता? हवामान एकट्या तालुक्याचं बिघडत नाही. अनेक देशांची पिकं एकाच हंगामात बसतात आणि विकणारे एकदम हात आखडतात. १९६६ साली सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आलं, तेव्हा अमेरिका महिन्याच्या हिशेबाने गहू सोडत होती. परक्या धान्यावर विसंबण्याचा धोका तेव्हाही सांगून झाला होता, तरी तोच वाद नव्या शब्दांत परत येतो. आणि पैसा तरी कसला? २०२३च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात सोन्याच्या भावाने गेलेला टोमॅटो सप्टेंबरात मातीमोल झाला. त्या कमाईवर वर्षाचं धान्य बेतायचं?

उसाची अडचण पाण्याची. इथेनॉलसाठी ऊस वाढवा म्हणणाऱ्यांनी कुकडी कालव्याच्या पाण्याच्या आवर्तनावरून होणारी भांडणं एकदा पाहावीत.

त्यापेक्षा डोंगराला नाचणी-वरई आणि पूर्वेला रब्बी ज्वारी कमी पाण्यात येते. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद आहे, तरी रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळच मिळतो. तालुक्याचं भरड धान्य हमीभावाने घेऊन तालुक्यातच रेशनवर द्यावं. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत नाचणी आहे, वरई नाही, ती घालावी. खरेदीकेंद्र डोंगरपट्ट्यातच उघडावं, म्हणजे पोतं तालुक्याच्या ठिकाणी, घोडेगावला, नेण्याचं भाडं शेतकऱ्याच्या माथी बसणार नाही.