लोखंडावरील अक्षरें

आपल्या घरोघरीं जुन्या वस्तूंविषयीं एक ठरावीक वाक्य ऐकूं येतें: "ही आमच्या पणजोबांच्या वेळची." हें वाक्य प्रेमानें उच्चारलें जातें, आणि त्या प्रेमाविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु पणजोबांची वेळ म्हणजे कोणती, असें विचारलें असतां बहुधा उत्तर मिळत नाहीं. आणि पुढील वर्षीं ती वस्तु भंगारवाल्याच्या तराजूंत जाते. आमचें म्हणणें असें कीं, हें उत्तर पुष्कळदां त्या वस्तूवरच लिहिलेलें असतें. तें न वाचतां वस्तु मोडीत घालणें म्हणजे आलेलें पत्र न उघडतांच जाळून टाकणें होय.

ही विद्या नवी नाहीं. विलायतेंत मासे धरण्याच्या गळाचीं जुनीं रिळें, म्हणजे दोरी गुंडाळण्याचीं चक्रें, जमविणारे छांदिष्ट लोक पुष्कळ आहेत. रिळावर चौकटच्या आकाराची नोंदणीची खूण असली तर त्याच्या आकृतीची नोंद १८४२ ते १८८३ या काळांतील, हें ते तत्काळ ओळखतात. कारण १८८४ पासून त्या खुणेच्या जागीं नुसता अनुक्रमांक आला. आल्नविक गांवच्या हार्डी बंधूंचें 'पर्फेक्ट' नांवाचें रीळ १८९१ सालीं निघालें. परंतु तें पुढें अनेक दशकें निघत राहिलें. म्हणून नुसतें नांव वाचून १८९१ हें साल ठोकून देणारा फसतो. पेटंटाचें साल कोरलेलें असलें तरी तें शोधाचें साल होय, त्या नगाच्या जन्माचें नव्हे. यावरून मुख्य नियम निघतो तो असा: खूण ही बहुधा 'याच्या आधींची नव्हे' एवढेंच निश्चित सांगते.

आतां हा नियम आपल्या कृष्णाकांठीं लावून पाहूं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं बेळगांवांत आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन नासते अशा समजुतीनें शेतकरी तो घेण्यास कचरत. पुढें १९१० सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं दिलेल्या जागेवर, कुंडलजवळच्या माळावर, कारखाना आला व किर्लोस्करवाडी वसली. १९२० सालीं त्याची मर्यादित कंपनी झाली. एवढीं तीन सालें ध्यानांत ठेविलीं म्हणजे पुरे. चरकावर अथवा कडबा कापण्याच्या यंत्रावर किर्लोस्करवाडी हें नांव असेल, तर तें १९१० च्या पूर्वींचें नव्हे. पुढें 'लिमिटेड' हा शब्द असेल, तर १९२० च्या पूर्वींचें नव्हे. असा नांगर कोणी १८९० चा म्हणून सांगूं लागला, तर त्याला नम्रपणें थांबवावें. पणजोबांचा मान त्यानें कमी होत नाहीं. उलट, गांव लोखंडी नांगरास भीत असतां तो विकत घेणारे धाडसी गृहस्थ ते होते, असेंही कदाचित् सिद्ध होईल.

कराडजवळील ओगले काच कारखाना १९१६ सालचा. तेव्हां ओगलेवाडीची खूण असलेला 'प्रभाकर' कंदील त्यापूर्वींचा असणें शक्य नाहीं. गांवाजिल्ह्यांचीं नांवेंही अशींच बोलतात. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें. 'जिल्हा दक्षिण सातारा' असें छापलेला डबा, पावती अथवा पाटी अवघ्या अकरा वर्षांच्या चिमट्यांत सांपडते. दुकानांतील वजनांवर शेर आहे कीं किलो, हें पाहावें. मेट्रिक वजनें आपल्या बाजारांत १९५८ पासून येऊं लागलीं. पत्त्यांत सहा आंकड्यांचा पिन असेल तर ती वस्तु १९७२ च्या आधींची नव्हे.

येथें सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. नांगराचा फाळ झिजतो व बदलला जातो. कंदिलाची काच फुटते व दुसऱ्याच कारखान्याची बसविली जाते. म्हणून खूण कोणत्या भागावर आहे हें आधीं पाहावें. दुसरें असें कीं, ओतकामाचा सांचा एकदां केला म्हणजे नांव बदलल्यावरही कांहीं काळ तोच वापरला जाण्याचा संभव असतो. यास्तव 'याच्या आधींची नव्हे' हें विधान जितकें पक्कें, तितकें 'याच्या नंतरची नव्हे' हें पक्कें नसतें.

कोणी म्हणेल, कारखान्यांचा इतिहास ग्रंथांत आहेच. गंजलेल्या लोखंडास विचारावयाचें काय? कारखाना केव्हां निघाला हें ग्रंथांत सांपडेल. पण तेथील नांगर अमुक वाडींत, अमुक घरीं पोहोंचला, ही गोष्ट कोणत्या ग्रंथांत आहे? आपल्या शेतीचा पालट खरोखर कोठवर गेला, याची साक्ष तें गंजलेलें लोखंडच देईल. आणि तें एकदां भट्टींत वितळलें म्हणजे साक्षीदार गेला तो गेलाच.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत एक वही घाला. वस्तूवरील प्रत्येक अक्षर व आंकडा जसाच्या तसा उतरून घ्या. अक्षरें पुसट असल्यास वर कागद धरून पेन्सिल हलकेंच घासा. पॉलिश कागदानें लोखंड वा चिंचेनें पितळ घासूं नका, कारण चकाकी येते व अक्षर जातें. वहींत दोन रकाने ठेवा: वस्तु काय सांगते तो एक, आणि आजीआजोबा काय सांगतात तो दुसरा. दोहोंची गल्लत करूं नका; पण दोन्ही लिहून ठेवा.

पालकांस एवढीच विनंती कीं, घरांत जागा नसते, पैशाची नड असते, लोखंड विकावें लागतें, यांत कोणास दोष नाहीं. विकावयाचें तर खुशाल विकावें. मात्र तराजूंत घालण्यापूर्वीं मुलास एक तासभर त्या वस्तूजवळ बसूं द्यावें. लोखंडाची किंमत भंगारवाला देईल. अक्षरांची किंमत देणारा तुमच्या घरांतच आहे.