ती वर्गणी पुन्हा भरूच नका



वर्गणीअभावी बंद पडलेले संदर्भ-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर तातडीने सुरू करावे, असे निवेदन संशोधक विद्यार्थ्यांनी कुलगुरूंना दिल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. 'निधीची तरतूद होताच नूतनीकरण केले जाईल' हा त्याखालचा प्रशासनाचा खुलासाही वाचला. विद्यार्थ्यांचे हाल खरे आहेत, पण मागणी चुकीची आहे आणि खुलासा त्याहून चुकीचा. ते सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करूच नये. झोटेरो हे याच कामाचे मोफत आणि मुक्त साधन 2006 पासून सर्वांसाठी खुले आहे. अशा वेळी या वर्गणीवर सार्वजनिक पैशातला एक रुपयाही जाता कामा नये.

मी पीएच.डी.ची मार्गदर्शक आहे. माझ्याकडची बहुतेक मुले-मुली नोकरी सांभाळून संशोधन करतात. कुणी तासिका तत्त्वावर शिकवते, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसून त्यांनी नोंदी जमवल्या. लेखक, वर्ष, पृष्ठ क्रमांक, लेखाच्या कडेला काढलेली टिपणे हे सगळे आज एका लॉगिनमागे अडकले आहे. प्रबंध सादर करण्याची मुदत कुणी वाढवून दिलेली नाही. वर्गणीची फाइल मात्र वित्त विभागातून हललेली नाही. आणि वर्गणी वेळेवर भरली असती तरी काय? पदवी घेऊन विद्यार्थी बाहेर पडला की त्याचे खाते बंद होणारच होते. पुढे आयुष्यभर लागणारे संदर्भ असे हातचे जातात. मग पेनड्राइव्हवरून फिरणारी 'क्रॅक' केलेली प्रत संगणकावर चढते. वाङ्मयचौर्य केलेले नाही, असे प्रतिज्ञापत्र आपण ज्यांच्याकडून लिहून घेतो, त्यांच्यावर आपणच चोरीचे सॉफ्टवेअर वापरण्याची वेळ आणतो. मला हे लाजिरवाणे वाटते.

झोटेरो अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रात जन्माला आले, म्हणजे संशोधकांनीच संशोधकांसाठी ते घडवले. ब्राउझरमधले एक बटण दाबले की समोरच्या लेखाची पूर्ण नोंद आपल्या संग्रहात येते. पुस्तकाचा आयएसबीएन किंवा लेखाचा डीओआय टाकला तरी पुरते. वर्ड, लिब्रेऑफिस आणि गुगल डॉक्समध्ये लिहिता लिहिता संदर्भ बसवता येतो आणि शेवटची संदर्भसूची आपोआप तयार होते. मार्गदर्शकाने ऐनवेळी एपीए ऐवजी शिकागो पद्धत मागितली, तरी तळटिपा हाताने बदलत रात्र जागवावी लागत नाही. 2022 पासून पीडीएफ वाचून त्यावरच टिपणे काढण्याची सोयही त्यात आहे. एखादा शोधनिबंध नियतकालिकाने मागे घेतला असेल, तर तशी सूचनाही मिळते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सगळा संग्रह आपल्याच संगणकावर राहतो. त्यासाठी खाते उघडण्याचीही सक्ती नाही. उद्या इंटरनेट नसले, विद्यापीठ सुटले, तरी नोंदी आपल्याच.

कंपन्यांच्या भरवशावर राहणाऱ्यांनी थोडा इतिहास पाहावा. एंडनोट या संदर्भ-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरची तेव्हाची मालक थॉमसन रॉयटर्स हिने 2008 मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या विरोधात एक कोटी डॉलरचा दावा लावला. एंडनोटच्या संदर्भशैलीच्या फाइली झोटेरोला वाचता येऊ लागल्या, ही तिची तक्रार. पुढच्याच वर्षी तो दावा न्यायालयाने काढून टाकला. मेंडेले हे तसलेच दुसरे सॉफ्टवेअर 2013 मध्ये एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीने विकत घेतले. 2018 मध्ये वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरचा मेंडेलेचा डेटाबेस सांकेतिक कुलपात गेला. कंपनीने सुरक्षिततेचे कारण दिले. परिणाम असा की तिथून थेट दुसरीकडे जाण्याची वाट अडली. रेफरन्स मॅनेजर या आणखी एका सॉफ्टवेअरची तर 2015 च्या अखेरीस विक्रीच थांबली. ज्यांनी त्यासाठी पैसे मोजले होते, त्यांना कुणी विचारले का? संशोधकाने आपली वर्षानुवर्षांची मेहनत कंपनीच्या मर्जीवर सोडू नये, एवढेच मला यातून दिसते.

'फुकटच्या वस्तूची जबाबदारी कोण घेणार?' असे आमच्या सभांमध्ये हमखास विचारले जाते. ज्या ग्रंथालयांची देवघेव कोहा या मोफत प्रणालीवर सुरळीत चालते, त्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये. झोटेरोच्या सर्व्हरवर मोफत मिळणारी 300 एमबी जागा अपुरी पडते, असेही सांगतात. ती मर्यादा सर्व्हरवर ठेवायच्या पीडीएफ फाइलींना आहे, नोंदींना नाही. फाइली आपल्या संगणकावर हव्या तितक्या ठेवा. एक अडचण मात्र खरी आहे. दुसऱ्या सॉफ्टवेअरने वर्डमध्ये बसवलेले संदर्भ सगळेच झोटेरोत जसेच्या तसे येत नाहीत. ज्यांचा प्रबंध पूर्ण होत आला आहे, त्यांनी तो आहे तसा संपवावा. नव्याने नोंदणी करणाऱ्याला ही अडचण मुळातच नाही.

केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'साठी तीन वर्षांचे 6,000 कोटी रुपये मंजूर केले. सुमारे 13,000 नियतकालिके विद्यार्थ्यांना वाचायला मिळावीत म्हणून हा खर्च आहे. वाचायला 6,000 कोटी, आणि वाचलेले नीट नोंदवून ठेवायला शून्य रुपयांचे साधन शिकवायला आमच्याकडे एक दुपार नाही! 2018 च्या यूजीसी नियमांनंतर आपल्या प्रबंधात इतरांच्या मजकुराशी 10 टक्क्यांहून अधिक साम्य निघेल, या धास्तीत प्रत्येक जण आहे. तपासणीच्या यंत्रणेवर खर्च होतो, अहवाल निघतात, मुले वाक्ये उलटसुलट करून टक्का खाली आणतात. कोणते वाक्य कुठून घेतले याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवायला शिकवले असते, तर यातली निम्मी भीती उरली नसती.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांचे दुखणे आणखी वेगळे आहे. 'डीटीपीवाल्याकडे चालते' म्हणून आजही श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये प्रबंध टाइप होतात. त्यातला मजकूर बाहेर काढला की रोमन अक्षरांचा गिचमिडा हाती येतो. असा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात चढला तरी त्यातला एक शब्द शोधून सापडत नाही, आणि त्याची साम्यतपासणीही निरर्थक ठरते. झोटेरो देवनागरी नोंदी व्यवस्थित ठेवते, पण त्या युनिकोडमध्ये असाव्या लागतात. विद्यापीठाने युनिकोडशिवाय प्रबंध स्वीकारूच नये. हा नियम करायला कसलीही निविदा काढावी लागत नाही.

विद्यार्थ्यांनी आपले निवेदन मागे घ्यावे आणि नवे द्यावे. अडकलेल्या नोंदी आरआयएस किंवा बिबटेक स्वरूपात बाहेर काढण्यापुरती खाती उघडून द्या, आणि कोर्सवर्कच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला झोटेरो शिकवा, एवढ्या दोनच मागण्या त्यात असाव्यात. ज्यांची खाती अन्य विद्यापीठांत अजून चालू आहेत, त्यांनी वर्गणी संपण्याची वाट न पाहता आपल्या नोंदी आजच बाहेर काढून ठेवाव्यात.

— एक पीएच.डी. मार्गदर्शक, सांगली