नागपूरपर्यंत जातो, मग गडचिरोलीपर्यंत का नाही?

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सांगली-साताऱ्यातून हजारो माणसे नागपूरला जातात. आष्ट्यातून जातात, इस्लामपुरातून जातात, कराडमधून जातात. कुणी गाड्या ठरवून, कुणी महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात उभे राहून. दीक्षाभूमीवर माथा टेकायचा, पुस्तकांच्या स्टॉलवरून पिशवीभर पुस्तके घ्यायची आणि परतीची गाडी पकडायची.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की परतीची गाडी चार दिवस उशिरा पकडा. नागपूरच्या पुढे सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर गडचिरोली आहे. तिकडे जा.

बाबासाहेबसुद्धा नागपूरला थांबले नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा झाली, दुसऱ्या दिवशी मागाहून आलेल्यांना दीक्षा दिली आणि १६ ऑक्टोबरला प्रकृती साथ देत नसताना ते चांद्याला गेले. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा त्याच चांदा जिल्ह्यात होता, तो वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. म्हणजे त्या दिशेचा रस्ता बाबासाहेबांनीच दाखवला आहे. पश्चिम महाराष्ट्रातली चळवळ मात्र नागपूरलाच थांबते.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्या गडचिरोलीला जायची कारणे सांगतात तेव्हा जंगल, धबधबे, मोहाची फुले आणि 'आदिवासींचे रंगीबेरंगी जीवन' असे लिहितात. माणसाला देखावा करणारी ही नजर आपल्याला चांगली ओळखीची आहे. आपल्या वस्तीतही लोक अशीच नजर घेऊन आले आणि दया दाखवून गेले. त्या नजरेने जायचे असेल तर घरीच बसलेले बरे. आमची कारणे वेगळी आहेत.

पहिले कारण गाव. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याची आरती ओवाळायला नकार दिला. खेडे म्हणजे संकुचितपणाचे डबके, अज्ञानाची आणि जातीयतेची गुहा, असा त्यांचा आरोप होता आणि तो खराच होता. ज्या गावाला वेस आहे आणि वेशीबाहेर महारवाडा-मांगवाडा आहे, त्या गावाच्या हाती सत्ता देणे म्हणजे पाटलाच्याच हाती सत्ता देणे. कृष्णाकाठच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

पण ज्या गावाला वेशीबाहेरची वस्तीच नाही, त्या गावाचे काय? गडचिरोलीत धानोरा रस्त्यावर मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचे गोंडांचे गाव आहे. तिथे ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालते. बायका सभेत बसतात आणि बोलतात. निर्णयाआधी विषय समजून घ्यायला वेगळा अभ्यासगट बसतो. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची.

बाबासाहेबांनी नाकारलेले खेडे हेच का? आमच्या मते नाही. त्यांनी जातीचे खेडे नाकारले होते. पण आम्ही म्हणतो म्हणून मानू नका. जाऊन सभेत मागे बसा, ऐका आणि मग ठरवा.

दुसरे कारण संविधान. आपण संविधानाची प्रास्ताविका भिंतीवर लावतो, २६ नोव्हेंबरला वाचतो. पण पाचवी अनुसूची आपल्यापैकी कितीजणांनी वाचली आहे? सांगली-साताऱ्याचा एकही तालुका त्या अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून तिचा आपल्याशी संबंध नाही असे आपण धरून चालतो. गडचिरोलीत त्याच अनुसूचीवर आणि तिच्यातून पुढे आलेल्या १९९६ च्या पेसा कायद्यावर लोकांचे पोट अवलंबून आहे.

मेंढ्याचेच उदाहरण घ्या. २००६ च्या वनाधिकार कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत ते आहे. पण कागद मिळाला म्हणून बांबू विकता येईना. कायद्यात बांबू गौण वनोपज आहे आणि त्याची मालकी गावाची आहे. वनखाते मात्र बांबूला झाड समजायचे आणि वाहतुकीचा परवाना आपल्याच हातात ठेवायचे. गाव हटले नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या दिवशी तिथे हजर असलेले मुख्यमंत्री आपल्या कराडचे पृथ्वीराज चव्हाण होते. आज जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात.

संविधानातले कलम माणसाच्या हातात पैसा आणि मान कसा आणून देते, हे शिबिरातल्या भाषणातून कळत नाही. ते तिथे कळते.

तिसरे कारण अवघड आहे, पण ते टाळून चालणार नाही. 'जातिनिर्मूलन' मध्ये १९३६ साली बाबासाहेबांनी हिंदू समाजाला विचारले होते, की तुमच्यामध्ये एक कोटी तीस लाख आदिवासी या अवस्थेत राहतात याची तुम्हाला लाज कशी वाटत नाही? तो सवाल आजही जिवंत आहे. पण १९४५ साली मुंबईच्या भाषणात आदिवासींना अजून राजकीय जाण आलेली नाही, असेही ते म्हणाले होते. आदिवासी अभ्यासक यावर बोट ठेवतात आणि तो त्यांचा हक्क आहे. १८५७-५८ मध्ये इंग्रजांशी लढून २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या बाबुराव शेडमाकेंच्या समाजाला राजकीय जाण नव्हती, असे कोण म्हणेल? संविधान सभेत 'आदिवासी' या शब्दासाठी भांडणाऱ्या जयपाल सिंग मुंडांना नव्हती? बाबासाहेबांच्या अनुयायांनी ही टीका समोर बसून ऐकावी. चिकित्सा त्यांनीच शिकवली आहे.

ऐकायला आपण जात नाही म्हणून तिथे कुणी जात नाही, असे नाही. 'वनवासी' हा शब्द घेऊन संघाची माणसे १९५२ पासून आदिवासी भागात काम करतात. या एका शब्दाने आदिवासींचा जमिनीवरचा पहिला हक्क पुसला जातो. सर्वोदयी गेले, माओवादी गेले, सूरजागडच्या डोंगरात लोखंडासाठी खाणवाले गेले. गडचिरोलीतला बौद्ध समाज तिथल्या लढ्यात आहेच. प्रश्न आपल्या बाजूच्या चळवळीचा आहे.

आणि तिथे आपला स्वतःचा प्रश्नही आहे. वनाधिकार कायद्यात आदिवासी नसलेल्या माणसाला तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. जंगलाकाठच्या दलिताने तो कागद आणायचा कुठून? ज्याला कधी सात-बाराच मिळाला नाही, त्याच्याकडे पुरावा मागणे ही थट्टाच आहे. मिश्र वस्तीच्या गावात ग्रामसभा त्याच्या बाजूने उभी राहते का? मेंढ्याची सहमती अशा गावात टिकते का? हे प्रश्न घेऊन जा. जय भीम आणि जय सेवा एकत्र म्हणायचे असेल तर त्यांची उत्तरे दोघांनी मिळून शोधावी लागतील.

कुणी म्हणेल, आपल्या वस्तीचे प्रश्न संपले का? संपलेले नाहीत. पण गायरानाचा प्रश्न घेऊन तहसीलला खेटे घालणाऱ्या कार्यकर्त्याने जंगलाचा हक्क मिळवलेले गाव पाहिले, तर तो परत येऊन इथे जास्त नेटाने लढेल. कोयना आणि चांदोलीच्या विस्थापितांचे हाल आपण पाहिले आहेत, त्यामुळे डोंगर गमावण्याचे भय आपल्याला परके नाही.

दुसरा कुणी म्हणेल, तिकडे नक्षलवादी आहेत. गडचिरोलीला आणि धानोऱ्याला एसटी जाते, शाळा भरतात, बाजार भरतो. त्याच्या पुढे भामरागड-एटापल्लीच्या आतल्या गावांत जायचे असेल तर स्थानिक माणूस सोबत घ्या आणि पावसाळा टाळा, कारण पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो.

जायचे कसे? महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरच्या पुढे गोंदियापर्यंत जाते. गोंदियाहून वडसा, वडशाहून एसटीने गडचिरोली. आधी ग्रामसभेला कळवा. बोलावले तर जा. न विचारता फोटो काढू नका. गोटुल हे त्यांच्या समाजाचे घर आहे, सेल्फीची जागा नव्हे. धर्माचे प्रवचन देऊ नका, त्यांना त्यांचा धर्म आहे. मुक्कामाचे आणि जेवणाचे पैसे द्या. येताना पेसाची मराठी प्रत आणा आणि आपल्या विहारात तिचे वाचन ठेवा.

या दसऱ्याला आष्ट्यातून किमान दहा जणांनी पुढची गाडी पकडावी, असा आमचा प्रस्ताव आहे. त्यात निम्म्या महिला असाव्यात. परत आल्यावर विहारात सगळ्यांसमोर सांगायचे, काय पाहिले, काय पटले आणि काय पटले नाही.

जय भीम! जय सेवा!